हिमालयन क्लबची नोंदवही : अंक, नाव आणि माणूस

१

१९२८ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या १७ तारखेस दिल्ली येथे, हिंदुस्थानचे तत्कालीन सरसेनापती फील्ड मार्शल सर विल्यम बर्डवुड यांच्या दालनात एक सभा भरली आणि तीत हिमालयन क्लब या संस्थेची स्थापना झाली. हिमालयातील प्रवासास व संशोधनास उत्तेजन आणि साह्य देणे, तसेच विज्ञान, कला, वाङ्मय व क्रीडा या मार्गांनी हिमालय व त्याला लागून असलेल्या पर्वतरांगांविषयीचे ज्ञान वाढविणे, असा या संस्थेचा हेतू ठरविण्यात आला. बर्डवुड हे पहिले अध्यक्ष झाले. संस्थेची मूळ कल्पना मात्र दोघांची होती. एक हिंदुस्थान सरकारच्या व्यापार खात्याचे सचिव सर जेफ्री कॉर्बेट आणि दुसरे भारतीय सर्वेक्षण खात्यातील मेजर केनेथ मेसन. सिमल्यास जाखू टेकडीच्या मागील वाटेवर या दोघांची जी बोलणी झाली त्यांतून या संस्थेचा उगम झाला, असे स्थापनेच्या वृत्तान्तात नमूद आहे.

गिर्यारोहणाच्या इतिहासात या संस्थेचा उल्लेख सामान्यतः दोन प्रकारे होतो. मोठमोठ्या मोहिमांना साह्य करणारी संस्था म्हणून आणि ‘हिमालयन जर्नल’ या वार्षिकाची प्रकाशक म्हणून. दोन्ही उल्लेख यथार्थ आहेत; पण या दोन कार्यांमागे असलेले तिसरे आणि अधिक मूलभूत कार्य त्यांत झाकले जाते. ते म्हणजे नोंद करण्याचे कार्य. या क्लबने डोंगरांची नोंद केली आणि डोंगर चढणाऱ्या माणसांचीही नोंद केली. नोंद करावयाची म्हणजे ज्याची नोंद करावयाची त्याला काहीतरी म्हणावे लागते. अर्थात नाव द्यावे लागते किंवा अंक द्यावा लागतो. डोंगरांच्या बाबतीत अंकाने नावाला जागा करून द्यावी असे धोरण सर्वेक्षकांनी व क्लबने मान्य केले होते. माणसांच्या बाबतीत मात्र, नावे असलेल्या माणसांना अंक देण्यात आले. या दोन प्रक्रियांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास क्लबचे थोरपण आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकदम दृष्टीस पडतात. हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

क्लबच्या स्थापनेपूर्वीच्या काळाकडे प्रथम दृष्टी टाकणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी दूरवरून हिमालयातील शिखरांचे वेध घेतले. या शिखरांजवळ जाणे त्यांना बहुधा शक्य नव्हते. नेपाळ व तिबेट हे दोन्ही प्रदेश त्यांना बंद होते. म्हणून वेधवहीत शिखरांना केवळ अंक देण्यात आले. राधानाथ सिकदार यांच्या गणितामुळे ज्याची अत्युच्चता पुढे आली ते शिखर वहीत ‘पंधरावे शिखर’ होते. १८५६ साली सर्वेक्षणप्रमुख अँड्र्यू वॉ यांनी त्याची उंची २९,००२ फूट असल्याचे जाहीर केले आणि स्थानिक नाव आढळत नाही या कारणास्तव आपले पूर्वाधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव सुचविले. लंडनच्या राजभौगोलिक सभेने ते १८६५ साली स्वीकारले. तिबेटी भाषेत ‘चोमोलुंग्मा’ हे नाव होते. परंतु ते ज्यांच्या तोंडी होते त्यांच्यापर्यंत सर्वेक्षक पोचलेलेच नव्हते.

त्याच १८५६ साली टॉमस माँटगोमरी यांनी काश्मीरमधील हरमुख पर्वतावरून काराकोरमची दोन शिखरे पाहिली व त्यांस के-१ आणि के-२ अशा खुणा दिल्या. ‘के’ हे अक्षर काराकोरमचे. पुढे के-१ या शिखरास ‘माशेरब्रुम’ हे स्थानिक नाव असल्याचे आढळले व खूण मागे पडली. के-२ हे शिखर इतक्या आत आहे की बाल्टी लोकांच्या वस्त्यांमधून ते दिसत नाही. त्याला प्रचलित असे स्थानिक नाव मिळाले नाही आणि ती खूणच त्याचे नाव होऊन बसली. या दोन उदाहरणांवरून एक नियम काढता येतो. शिखराचा अंक हा तात्पुरता असतो. नाव सापडेपर्यंत तो नावाची जागा राखून ठेवतो.

पर्वतविषयक मंडळ असावे ही कल्पनाही जुनी होती. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७ साली निघाला. त्यानंतर नऊच वर्षांनी, म्हणजे १८६६ साली, ड्र्यू व जॉन्सन या दोघांनी हिमालयासाठी असेच एक मंडळ असावे अशी सूचना बंगालच्या एशियाटिक सोसायटीस केली होती. १८८४ मध्ये डग्लस फ्रेशफील्ड यांनी पुन्हा तोच विचार मांडला. दोन्ही वेळा त्यातून काही निष्पन्न झाले नाही. १९२१, १९२२ आणि १९२४ या तीन सालांतील एव्हरेस्ट मोहिमांनी मात्र परिस्थिती पालटली. हिमालयात येणाऱ्या मंडळींना नकाशे, परवाने, सामान आणि मुख्यतः माणसे पुरविण्याचे काम कोणी तरी नियमाने करणे आवश्यक होऊन बसले. १९२७ च्या सप्टेंबरात कलकत्त्यास ‘माउंटन क्लब ऑफ इंडिया’ हे मंडळ स्थापन झाले होते; १९२८ च्या अखेरीस ते हिमालयन क्लबमध्ये विलीन झाले.

३

क्लबच्या आरंभीच्या सभासदांत लष्करी अधिकारी, सनदी नोकर, सर्वेक्षक व वनाधिकारी यांचा भरणा होता. ही मंडळी बहुतांशी ब्रिटिश होती. त्यांची एक व्यावसायिक सवय समान होती, ती म्हणजे लिहून ठेवण्याची. ‘हिमालयन जर्नल’चा पहिला अंक १९२९ साली निघाला आणि त्याचे संपादन मेसन यांच्याकडे आले. १९३२ मध्ये ते ऑक्सफर्ड विद्यापीठात भूगोलाचे पहिले प्राध्यापक झाले, तरी जर्नलचे काम त्यांनी १९४० पर्यंत सोडले नाही. या बारा खंडांत मोहिमांच्या वृत्तान्तांबरोबर हिमनद्यांची हालचाल, वनस्पती, खिंडींचे मार्ग, नकाशे आणि नावांची चर्चा आढळते. वृत्तान्तांची भाषा संयमित आहे. पराक्रमाचे वर्णन थोडके, अंतरे व उंची यांचे आकडे विपुल.

नावांच्या प्रश्नाकडे मेसन यांनी विशेष लक्ष दिले. काराकोरम प्रदेशात तुर्की, तिबेटी कुळातील बाल्टी, आणि बुरुशास्की अशा परस्परांशी नाते नसलेल्या भाषा एकत्र येतात. एकाच हिमनदीचे नाव दोन नकाशांत दोन प्रकारे लिहिलेले असे. ‘काराकोरम’ हा शब्दच तुर्की. ‘कारा’ म्हणजे काळा. ‘मुझताग’ हाही तुर्की. त्याचा अर्थ हिमपर्वत. वस्तुतः काळ्या दगडगोट्यांवरून पडलेले एका खिंडीचे नाव शेकडो मैल पसरलेल्या हिमाच्छादित रांगेला चिकटले, हा भाषेच्या इतिहासातील एक विनोदच म्हणावयाचा. या घोटाळ्याचा निकाल लावण्यासाठी भरलेल्या परिषदेचा वृत्तान्त १९३८ साली मेसन यांनी प्रसिद्ध केला. रूढ झालेली नावे ठेवावी, स्थानिक नावांचा शोध घ्यावा आणि व्यक्तींची नावे शिखरांना चिकटविण्याचा मोह आवरावा, असा त्यातील विचाराचा एकूण झोक आहे. ज्या पिढीच्या पूर्वजांनी ‘एव्हरेस्ट’ हे नाव दिले, त्या पिढीच्या एका सर्वेक्षकाने हा झोक स्वीकारावा ही गोष्ट लहान नाही.

‘हिमालय’ या शब्दाबाबतही क्लबशी निगडित लेखकांत असाच एक आग्रह दिसतो. इंग्रजीत या शब्दाला अनेकवचनाचा प्रत्यय लावण्याची रूढी पडली होती. हिम व आलय या दोन पदांचा हा संस्कृत सामासिक शब्द आहे व तो एकवचनातच शोभतो, असे त्यांचे म्हणणे. परभाषेतील शब्दाच्या घडणीचा मान राखावा ही जाणीव त्यामागे होती.

४

डोंगरांच्या नावांविषयी इतकी दक्षता बाळगणाऱ्या या संस्थेने माणसांच्या नावांचे काय केले, हा यापुढचा प्रश्न आहे.

हिमालयातील मोहिमांसाठी माणसे मिळत ती दार्जिलिंगमध्ये. नेपाळमधील सोलू-खुंबू या भागातून शेर्पा कुटुंबे रोजगारासाठी दार्जिलिंगला येऊन राहिली होती. या लोकांची गिर्यारोहणातील योग्यता प्रथम ओळखली ती अलेक्झांडर केलस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने. १९०७ पासून सिक्कीमच्या पर्वतांत तो बहुधा युरोपीय सोबत्यांवाचून, केवळ स्थानिक माणसांसह हिंडला. १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेत वाटेतच त्याचा मृत्यू झाला, तरी त्याने घालून दिलेली प्रथा टिकली. १९२२ साली उत्तर खिंडीच्या उतारावर हिमप्रपात कोसळून सात भारवाहक मरण पावले. एव्हरेस्टवरील मोहिमांतील हे पहिले सामुदायिक बळी होत.

या माणसांसाठी त्या काळच्या वृत्तान्तांत जे शब्द येतात त्यांचा क्रम लक्षणीय आहे. प्रथम येतो ‘कुली’. या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो पश्चिम किनाऱ्यावरील कोळी जमातीच्या नावावरून आला. दुसऱ्या मतानुसार तमिळमधील ‘कूलि’, म्हणजे मजुरी, या शब्दावरून. पहिले मत खरे मानल्यास एका जमातीचे नाव धंद्याचे नाव झाले. दुसरे मानल्यास मोबदल्याचे नाव माणसाचे नाव झाले. दोहोंतही माणूस मागे पडला आहे. त्यानंतर येतो ‘पोर्टर’, म्हणजे भारवाहक. हा शब्द कामाचे वर्णन करतो. त्यात हीनत्व कमी आहे. शेवटी येतो ‘शेर्पा’. ‘शर’ म्हणजे पूर्व आणि ‘पा’ म्हणजे तेथील लोक. पूर्वेकडून आलेल्या एका समाजाचे हे नाव. परंतु मोहिमांच्या भाषेत तेही लवकरच धंदावाचक बनले. दार्जिलिंगमधील भोटिया भारवाहकही व्यवहारात शेर्पा म्हणून ओळखले जाऊ लागले. ‘कोळी’ या नावाचे जे झाले असावे असे एक मत सांगते, तेच ‘शेर्पा’ या नावाचे विसाव्या शतकात डोळ्यांदेखत झाले.

दार्जिलिंग येथे क्लबचे स्थानिक चिटणीस असत. मोहिमेचा नेता परदेशातून पत्र पाठवी आणि चिटणीस माणसे निवडून ठेवी, मजुरी ठरवी, अपघात झाल्यास भरपाईचा पाठपुरावा करी. १९२९ मधील पॉल बाऊअर यांच्या कांचनगंगा मोहिमेस असे साह्य मिळाले. १९३० च्या दशकात या कामाला व्यवस्थित रूप आले. प्रत्येक माणसाची नोंद होऊन त्याला क्रमांक मिळाला आणि एक पुस्तिका देण्यात आली. मोहीम संपली म्हणजे नेता तीत शेरा लिहून देई. या याद्या, मोहिमांच्या तपशिलासह, जर्नलमध्येही छापल्या गेल्या.

क्रमांक देण्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी शेर्पांच्या नामकरणाची पद्धती पाहिली पाहिजे. मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्यास ठेवण्याची चाल त्यांच्यात आहे. निमा म्हणजे रवी, दावा म्हणजे सोम, मिंग्मा मंगळ, ल्हाक्पा बुध, फुर्बा गुरू, पासांग शुक्र आणि पेंबा शनी. मराठीतील वारांप्रमाणेच हीही ग्रहनामे आहेत आणि क्रमही तोच आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वस्त्यांतही सोमा, बुधा अशी वारांवरून ठेवलेली नावे आढळतात. साहजिकच सात वारांत सगळा गाव वाटला जातो. ‘आंग’ म्हणजे लहान, असे उपपद लावून किंवा दोन नावे जोडून भेद करावा लागतो. गावात हा भेद अडत नाही. तेथे घर, कूळ, नाते ही ठाऊक असतात. मजुरीच्या यादीत मात्र ते अडते. म्हणून १९३४ च्या नंगा पर्वत मोहिमेच्या वृत्तान्तात ‘निमा दोर्जे दुसरा’ असे नाव वाचावयास मिळते. राजांच्या नावापुढे लागणारा हा क्रमदर्शक शब्द येथे भारवाहकाला लागला आहे. क्लबचा क्रमांक हा याच अडचणीवरचा उपाय होता.

हा क्रमांक म्हणजे केवळ तुच्छतेची खूण होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यापूर्वीच्या वृत्तान्तांत ‘साठ कुली’ असा एकत्रित आकडा असे. साठांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र अंक मिळणे म्हणजे समुदायातून व्यक्ती वेगळी होणे होय. कोण कोणत्या मोहिमेत होता, कोणत्या छावणीपर्यंत चढला, हे आज सांगता येते ते या नोंदीमुळेच.

५

नोंदीचे मोल आणि तिची अपूर्णता यांची कसोटी लागली ती आपत्तीच्या प्रसंगी. १९३४ साली नंगा पर्वतावर वादळात सापडून विली मेर्कल, वेल्झेनबाख व वीलांट हे तीन जर्मन गिर्यारोहक आणि सहा शेर्पा मरण पावले. गायले नावाचा शेर्पा मेर्कलपाशी थांबला. आंग त्सेरिंग एकटा, हिमदंशाने पोळलेला, खालच्या छावणीत उतरून आला व त्याच्याकडून वरची हकीकत कळली. गायलेला त्याच्याबरोबर उतरणे कदाचित शक्य झाले असते. तीन वर्षांनी, १९३७ च्या जून महिन्यात, त्याच पर्वतावर रात्री हिमप्रपाताखाली सबंध छावणी गाडली गेली. सात जर्मन व नऊ शेर्पा असे सोळा जण गेले.

१९३९ ची के-२ मोहीम या दृष्टीने अधिक बोलकी आहे. फ्रिट्झ वीसनर यांच्या नेतृत्वाखालील या अमेरिकी मोहिमेत पासांग नावाचे तिघे होते. पासांग किकुली, पासांग कितार आणि पासांग दावा लामा. तिघेही शुक्रवारचे. पासांग दावा लामा हा वीसनरबरोबर शिखराच्या खाली सुमारे २४० मीटरपर्यंत पोचला. रात्र पडत आल्यामुळे त्याने पुढे जाण्यास नकार दिला आणि दोघे परतले. पुढे छावण्या रिकाम्या होत गेल्या आणि डडली वुल्फ हा सभासद वर एकटा अडकून पडला. तेव्हा मोहिमेचा सरदार पासांग किकुली त्याला आणावयास निघाला. १९३४ च्या नंगा पर्वतावरील वादळातून जिवंत उतरलेल्यांपैकी हा एक. तळछावणीपासून सहाव्या छावणीपर्यंतची चढाई त्याने एका दिवसात केली. दुसऱ्या दिवशी तो, कितार व पिंत्सो वुल्फपर्यंत पोचले. परंतु वुल्फ खाली येण्यास तयार झाला नाही. मध्ये वादळ झाले. ३१ जुलै रोजी हे तिघे पुन्हा वर गेले आणि परत आले नाहीत.

या घटनेच्या चर्चेत दीर्घकाळ एकच प्रश्न विचारला गेला : वुल्फच्या मृत्यूचा दोष कोणाकडे? तिघा शेर्पांच्या मृत्यूचा प्रश्न त्या प्रश्नाच्या पोटात राहिला. किकुलीने दुसऱ्यांदा वर जाण्याचे का ठरविले, कितार व पिंत्सो यांनी होकार कसा दिला, त्यांच्यात काय बोलणे झाले, हे कोणत्याही पुस्तिकेत नाही. पुस्तिकेतील शेरा नेता लिहीत असे. ज्याची पुस्तिका त्याचे म्हणणे लिहिण्यास तीत रकाना नव्हता.

याच सुमारास क्लबने ‘टायगर’ हे बिरुद व त्याचा बिल्ला देण्यास आरंभ केला. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सर्वांत वरच्या छावण्यांपर्यंत ओझी नेणाऱ्यांना कौतुकाने ‘वाघ’ म्हटले गेले होते. त्या बोलीतील शब्दाला आता अधिकृत मान मिळाला. बिल्ला मिळालेल्यास हिमरेषेच्या वर अधिक मजुरी मिळे. सन्मान आणि मजुरीचा दर यांची अशी सांगड येथे घातलेली दिसते. ‘सरदार’ या शब्दाचेही असेच. मराठीत सरदार म्हटले की जहागीर, घोडदळ आणि दरबार डोळ्यांपुढे येतो; मोहिमेच्या भाषेत तो भारवाहकांचा मुकादम होता.

६

नोंदवहीची दुसरी बाजू तेनसिंग नोर्गे यांच्या आरंभीच्या अनुभवावरून समजते. अमेरिकी लेखक जेम्स रॅम्झी उलमन यांना सांगून लिहविलेल्या व १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्यांनी तो दिला आहे. १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत त्यांची निवड झाली नाही. १९३५ सालीही आधीच्या मोहिमेचे प्रमाणपत्र नसल्यामुळे ते मागेच राहिले होते. आयत्या वेळी आणखी दोन माणसे हवी झाली तेव्हा एरिक शिप्टन यांनी त्यांना निवडले. प्रमाणपत्र नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, असा हा फेरा. ज्या ‘चिठ्ठी’वर सगळे अवलंबून होते तो शब्द आपल्याकडचाच, इंग्रजीने तो ‘चिट’ म्हणून घेतला आणि साहेबाच्या सहीसह परत केला. तेनसिंग यांना लिहिता-वाचता येत नव्हते. स्वतःविषयी काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याचे भवितव्य त्या लिहिण्यावर ठरत होते.

आल्प्समधील परिस्थितीशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. तेथील मार्गदर्शकांजवळही अशा पुस्तिका असत व गिऱ्हाईक त्यांत शेरे लिहीत. परंतु शामोनी येथील मार्गदर्शकांनी आपला संघ १८२१ सालीच स्थापन केला होता. म्हणजे अल्पाइन क्लबच्या आधी छत्तीस वर्षे. आल्प्समध्ये आधी डोंगरातल्या माणसांची संघटना झाली व मग डोंगर पाहावयास येणाऱ्यांची. हिमालयात हा क्रम उलटा झाला. १९२८ साली क्लब निघाला आणि दार्जिलिंगच्या शेर्पांची गिर्यारोहणविषयक संघटना तेनसिंग यांच्या पुढाकाराने पुढे आली ती १९५० नंतरच्या दशकात. मजुरी व भरपाई या विषयांत शेर्पांच्या वतीने कोणी बोलावे, याविषयी त्या काळी क्लब आणि ही संघटना यांच्यात मतभेद झाले. ते होणे अपरिहार्यच होते. चांगल्या हेतूने चालविलेले पालकत्वही पाल्य प्रौढ झाल्यावर सोडून द्यावे लागते.

१९५३ ची एव्हरेस्ट मोहीम ही या व्यवस्थेची परिणती होय आणि तिचा शेवटही होय. जॉन हंट यांच्या मोहिमेसाठी शेर्पांची व्यवस्था दार्जिलिंगमधील क्लबच्या मानद चिटणीस जिल हेंडरसन यांनी केली. तेनसिंग त्या मोहिमेत सरदार होते आणि आरोहक सभासदही होते. २९ मे रोजी ते व एडमंड हिलरी शिखरावर पोचले. नोंदवहीतल्या एका माणसाचे नाव सर्व जगाच्या तोंडी झाले.

७

त्यानंतर क्लबचे स्थान पालटले. १९४७ नंतर ब्रिटिश सभासद मोठ्या संख्येने परत गेले होते. महायुद्धामुळे १९४० नंतर बंद पडलेले जर्नल १९४६ मध्ये टोबिन यांच्या संपादकत्वाखाली पुन्हा निघाले, आणि कलकत्त्याच्या आधारावर संस्था टिकून राहिली. नेपाळ परदेशी मोहिमांना खुला झाल्यावर माणसे मिळविण्याचे केंद्र हळूहळू काठमांडूकडे सरकले. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंग येथे हिमालयन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. मेजर नरेंद्र धर जयाल तिचे पहिले प्राचार्य आणि तेनसिंग क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले संचालक. काल ज्याच्या पुस्तिकेत इतर जण शेरे लिहीत, तो आता इतरांच्या प्रावीण्याचा परीक्षक झाला.

१९५८ साली चो ओयू या शिखरावर पहिली भारतीय मोहीम गेली. तिचे नेते मुंबईचे केकी बनशा हे होते. मोहिमेत जयाल यांचा मृत्यू झाला; तथापि १५ मे रोजी सोनम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा शिखरावर पोचले. हा तोच पासांग, जो १९३९ मध्ये के-२ वरून वीसनरसह परतला होता. १९५४ साली चो ओयूच्या पहिल्या आरोहणातही तो होता. या मोहिमेच्या पुरस्कारासाठी नेमलेल्या समितीतूनच पुढे भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठान उभे राहिले. मोहिमांचे संघटन व परवाने ही कामे त्याच्याकडे गेल्यावर हिमालयन क्लबकडे जे उरले ते त्याचे मूळचे काम, नोंदीचे.

१९७० नंतरच्या दशकापासून क्लबचे व जर्नलचे केंद्र मुंबई झाले. सोली मेहता व त्यांच्यानंतर हरीश कपाडिया यांनी जर्नलचे संपादन दीर्घकाळ सांभाळले. हिमालयापासून इतक्या दूर, समुद्रकाठी, हे काम स्थिरावले याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. नोंदवहीला डोंगर जवळ असावा लागत नाही. ती निष्ठेने चालविणारी माणसे असावी लागतात.

या मुंबईतूनच नोंदवहीतील एक जुनी उणीव भरून काढण्याचा प्रयत्न अलीकडे झाला. जर्नलच्या संपादक राहिलेल्या नंदिनी पुरंदरे आणि दीपा बळसावर यांनी दार्जिलिंगच्या शेर्पा कुटुंबांच्या मौखिक आठवणी वर्षानुवर्षे जमविल्या. त्यांवर आधारलेला त्यांचा ‘हेडस्ट्रॅप’ हा इंग्रजी ग्रंथ २०२४ साली प्रसिद्ध झाला. कपाळावरून ओझे पेलण्यासाठी जो पट्टा बांधतात त्याचे नाव ग्रंथाला द्यावे, ही निवड अर्थपूर्ण आहे. पुस्तिकेत ज्याला रकाना नव्हता ते बोलणे येथे लिहिले गेले. पण त्याला उशीर झाला, हेही म्हटले पाहिजे. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील अखेरचा हयात सहभागी म्हणून ओळखला जाणारा आणि नंगा पर्वतावरून एकटा उतरलेला आंग त्सेरिंग २००२ मध्ये वारला. किकुली व कितार यांना तर कोणी विचारूच शकले नाही.

८

‘शेर्पा’ या शब्दाचा प्रवास अद्याप संपलेला नाही. राष्ट्रप्रमुखांच्या शिखर परिषदांची पूर्वतयारी करणाऱ्या अधिकाऱ्यास आंतरराष्ट्रीय राजनीतीत ‘शेर्पा’ म्हणतात, आणि २०२३ साली भारतात झालेल्या जी-२० परिषदेच्या निमित्ताने हा शब्द त्याच अर्थाने मराठी वृत्तपत्रांतून वाचावयास मिळाला. एका समाजाचे नाव धंद्याचे झाले, धंद्याचे नाव रूपक झाले. रूपकात शिखर वाटाघाटीचे असते आणि ओझे कागदांचे असते. हिमप्रपात तेवढा गळून पडतो.

हिमालयन क्लबच्या इतिहासाचे मूल्यमापन करताना म्हणून दोन गोष्टी एकत्र धराव्या लागतात. या संस्थेने नोंद ठेवली नसती, तर भारवाहकांचा इतिहास लिहिताच आला नसता. आज तिच्यावर घेतले जाणारे आक्षेपही तिच्याच याद्यांच्या आधाराने घेतले जातात. आणि तिने नोंद ठेवली ती घेणाऱ्याच्या सोयीने, देणाऱ्याच्या वाणीने नव्हे. पंधराव्या शिखराच्या खाली चोमोलुंग्मा हे नाव आधीपासून होते, ते विचारावयास कोणी गेले नव्हते एवढेच. यादीतल्या प्रत्येक क्रमांकाखालीही असेच एक नाव आधीपासून होते, आणि त्या नावामागे घर, कूळ, जन्मवार व एक भाषा होती. अंकापासून नावापर्यंत आणि नावापासून वाणीपर्यंत जाणे हे अभ्यासकाचे काम होय. क्लबच्या जुन्या खंडांतील त्या याद्यांत अशी कितीतरी नावे अद्याप केवळ क्रमांकासह उभी आहेत.